मदत हवी आहे: आईला खोल पाण्यात व्यायामासाठी बेल्ट घ्यायचाय, कुठला घेऊ?

नमस्कार मंडळी, मी म्हापशाचा. आई ६४ वर्षांची, दोन्ही गुडघे झिजलेत, फिजिओ म्हणाले पाय टेकणार नाहीत एवढ्या खोल पाण्यात बेल्ट बांधून चालायचं, म्हणजे गुडघ्याला धक्का बसत नाही. पेडेचा स्विमिंग पूल घरापासून जवळ, नाहीतर पणजीत कांपालला नेईन, ते बघता येईल.

प्रॉब्लेम असा की तिला पोहता येत नाही. माहेर मांद्र्याचं, समुद्र बघत वाढली, पण कंबरभर पाण्याच्या पुढे कधी गेलेली नाही. ऑनलाइन शोधलं तर फोमचे बेल्ट, नूडल (फोमची लांब नळी), फोमचे डंबेल, पायाला बांधायचे तरंगते पट्टे, दंडाचे फुगे, काय काय दिसतंय आणि प्रत्येकाखाली 'बेस्ट' लिहिलेलंच. भाऊ म्हणतो सरळ लाइफ जॅकेट घे, बोटीवर देतात तसलं. मला वाटतं त्यात चालता येणार नाही. आई जरा जाड आहे, पोट आहे, तर मोठा बेल्ट लागेल का? आणि ती फुल लेगिंगवाला नायलॉनचा ड्रेस घालणार, त्यावरून बेल्ट वर सरकेल का? वापरून बघितलेल्यांनी सांगा प्लीज.

प्रतिसाद १
बाबू, मी मडगावची, फातोर्ड्याच्या पूलवर हेच करते. लाइफ जॅकेट नको. ते माणसाला पाठीवर उताणं पाडायलाच बनवलेलं असतं, त्यात उभं राहून चालणं म्हणजे जॅकेटशी कुस्ती, शिवाय काखेत घासतं. फोमचा बेल्टच घे, बकलवाला. मोठा कशाला? चरबी पाण्यात तरंगते, त्यामुळे जाड बाईला फोम उलट कमीच लागतो, सडपातळ अंगाची माणसं जास्त बुडतात. फोमचे तुकडे काढता-घालता येतात तसला मिळाला तर उत्तम. खोल पाण्यात शांत उभं राहिल्यावर पाणी खांद्याच्या वर आणि हनुवटीच्या खाली आलं तर बरोबर. छाती बाहेर येत असेल तर फोम जास्त झाला, नाकाशी पाणी येत असेल तर कमी पडला.

सगळा फोम पाठीमागे असला तर पुढे तोंडावर झुकायला होतं, म्हणून पुढेही थोडा असलेला बघ. पट्टा पाण्यात उतरल्यावर परत एकदा आवळायचा, पाण्यात तो सैल होतोच, आणि मग वर सरकून काखेत येतो. श्वास घेता आला पाहिजे एवढंच बघ.

प्रतिसाद २
पायाचे पट्टे तर अजिबात नको!! पाय वर येतात आणि डोकं खाली जातं, पोहता न येणाऱ्याला परत सरळ होताच येत नाही. डंबेलवर पण लोंबकळायचं नसतं, खांदे धरतात, आणि हातातून सुटलं की संपलं. नंतर सराव झाला की हातांच्या व्यायामाला चालतील. आणि हा बेल्ट जीव वाचवायचं साधन नाही हां, लाइफगार्ड आणि तुम्ही दोघं जवळ पाहिजे. आधी छातीभर पाण्यात बेल्ट घालून शिकवा: तोंडावर पडलं तर गुडघे पोटाशी घ्यायचे, हात खाली दाबायचे, अंग आपोआप उभं होतं. ते जमल्याशिवाय खोल बाजूला नेऊ नका, फिजिओ काहीही म्हणोत.

मूळ प्रश्नकर्ता
काकी, देव बरें करूं! भावाला दाखवलं, तो गप्प झालाय. अजून एक, आई म्हणते मिरामारला समुद्रातच करते, खाऱ्या पाण्यात जास्त तरंगतं म्हणे. आणि पावसाळ्यात बेल्ट वाळेल का?

प्रतिसाद १
तरंगतं ते खरं, पण लाटेला बेल्ट काय करणार? बेल्ट घालून माणूस ओढीबरोबर वाहतच जातो. पूलच. आणि चांगला फोम पाणी पीत नाही, गोड्या पाण्यात खळबळून क्लोरीन काढायचं आणि पुसायचं, पट्टा तेवढा ओला राहतो, तो पंख्याखाली टांग. निओप्रीनचा, म्हणजे स्पंजासारख्या रबरी कापडाचा घेतलास तर जुलैत वाळायची वाट बघत बसशील.