ऑक्टोबर आला की लिखाण बंद, भोपळे सुरू?

दुसरीची_आई (धागाकर्ती)

काल लेकीच्या दप्तरातून चुरगळलेला नारिंगी कागद निघाला. भोवती भोपळ्यांची चौकट, कोपऱ्यात वटवाघूळ आणि उजवीकडे एक कढई. कढईत वीस शब्द: भयाण, काळोख, कोळिष्टक, चेटकीण, किंचाळणे वगैरे. सूचना अशी की यातले किमान आठ शब्द वापरून हॅलोविनची गोष्ट लिही. लेकीने जे लिहिलं ते मराठीत सांगायचं तर असं: "घर भयाण होतं. भूत भयाण होतं. मांजर काळं आणि भयाण होतं. मला चॉकलेटं मिळाली. समाप्त." आणि वर चमकणारा स्टिकर!

हीच मुलगी सप्टेंबरात पडलेल्या दातावर दीड पान लिहून आली होती. दात सफरचंदात रुतला, सफरचंद दातासकट कचऱ्यात गेलं, मग डब्यात आधी कोणी हात घालायचा यावर घरात झालेली भांडणं. सगळं आमच्या अब्रूसकट. तेव्हा तिला कोणी कढईभर शब्द दिले नव्हते.

अमेरिकेत राहून हॅलोविनच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांतली मी नाही. पोरांनी वेश करावेत, दारोदार फिरावं, दात किडवावेत. पण प्राथमिक शाळेत ऑक्टोबरचा उत्तरार्ध "सर्जनशील लेखन" आणि "वाचन" या नावाखाली जे चालतं ते रंगकाम आहे. पोरगं विचार करत नाही, चौकट भरतं. तुमच्या मुलांच्या शाळेत काय अनुभव?

निशाचर

पूर्ण असहमत. तुमच्या लेकीला मुळात लिहायला आवडतं, म्हणून तुम्हाला कढई खटकली. माझा चौथीतला मुलगा लिहायचं म्हटलं की पोटात दुखणाऱ्यांपैकी. "माझा उन्हाळा" या विषयावर तीन ओळी, त्यातली एक तारीख.

गेल्या ऑक्टोबरात वर्गात सांगितलं, तू भोपळा आहेस, कोरतानाची हकिकत तुझ्या तोंडून सांग. पठ्ठ्या पाऊण तास मान वर न करता लिहीत होता. मला अजून पाठ आहे: "त्यांनी माझ्या बिया चमच्याने खरवडून वर्तमानपत्रावर काढल्या. एक बी उडून फ्रिजखाली गेली. ती कोणाला दिसली नाही. मला माहीत आहे ती कुठे आहे, पण मला आता तोंड असलं तरी मी सांगणार नाही."

कोरलेल्या भोपळ्याला तोंड असतं, हे त्याचं त्याला सुचलं. उन्हाळ्याच्या निबंधात असं काही सुचलं नसतं, कारण उन्हाळ्यात त्याला लपवायला काही नव्हतं. भीती, गुपित, अंधार मिळाला की मुलाला सांगण्यासारखं काहीतरी सापडतं.

खडूस_काका

धागाकर्तीला +१. सप्टेंबरात सफरचंदं, ऑक्टोबरात भोपळे, नोव्हेंबरात टर्की, डिसेंबरात जिंजरब्रेड. शाळा आहे की किराणा दुकानाची शोकेस?

तिसरीची_बाई

काका, शोकेस आवडलं, पण बाजू मांडते. सार्वजनिक शाळेत तिसरीला शिकवते, ऑक्टोबर अंगावर घेणारी बाई मीच.

आधी कढईबद्दल. ती सगळ्यांसाठी नसतेच. माझ्या वर्गात घरी इंग्रजी न बोलणारी पाच मुलं आहेत. "कोळिष्टक" हा शब्द माहीत नसेल तर त्या मुलाची गोष्ट दारातच अडते. त्याला कढई हवी. बाकीच्यांना मी ती उलटी घालून देते: कागदावरचे शब्द वापरायला बंदी. घाबरला असं लिहायचं नाही, घाबरल्यावर हाताचं, पायाचं, जिभेचं काय झालं ते लिहायचं. एका मुलीने लिहिलं, "मी जिन्याचा कठडा इतका घट्ट धरला की नंतर हाताला रंगाचा वास येत होता." आठ वर्षांची मुलगी!

आता वाचन. हॅलोविन म्हणजे फक्त भुताच्या गोष्टी हा गैरसमज आहे. मी वटवाघळांपासून सुरुवात करते. वाचायच्या आधी प्रत्येकाने माहीत असलेली एक गोष्ट लिहायची. निम्मा वर्ग लिहितो, "वटवाघळं रक्त पितात." मग माहितीपर उतारा वाचायचा. जगात १,४०० हून जास्त जाती, त्यातल्या रक्तावर जगणाऱ्या फक्त ३, आणि त्याही मेक्सिकोपासून खाली दक्षिण अमेरिकेपर्यंतच. मुलं स्वतःचंच वाक्य खोडतात. चुकीचं का होतं ते समासात लिहितात. पुढचा उतारा पांढऱ्या नाकाच्या रोगाचा. न्यूयॉर्क राज्यात २००६ च्या हिवाळ्यात पहिल्यांदा दिसलेली ही बुरशी झोपलेल्या वटवाघळांना मधेच जागं करते, साठवलेली चरबी संपते आणि ती मरतात. आतापर्यंत लाखो गेली. यानंतर "वटवाघळांना घाबरावं का?" यावर मतप्रदर्शनाचा परिच्छेद. २०१० च्या कॉमन कोअरमध्ये (इथल्या अनेक राज्यांनी स्वीकारलेली शालेय मानकं) लेखनाचे जे तीन प्रकार आहेत, मत, माहिती आणि गोष्ट, ते तिन्ही माझे याच महिन्यात होतात.

कृतिलेखनही. भोपळा कसा कोरायचा ते पायऱ्यापायऱ्यांनी लिहायचं, आणि शेजारच्याने कागदी भोपळ्यावर अक्षरशः तेवढंच करायचं. एकाने लिहिलं "वरचा भाग कापा". शेजारणीने भोपळा मधोमध कापून वरचा अर्धा कचऱ्यात टाकला. तो ओरडला, "तसं नाही गं!" मी म्हटलं, मग कसं ते लिही. त्या दिवशी पुनर्लेखन शिकवावं लागलं नाही.

दुसरीची_आई

बाई, तुमच्या वर्गात लेकीला घालायला मी घर बदलेन. पण तुम्ही सांगताय त्यात हॅलोविन किती आणि तुम्ही किती? वटवाघळं मार्चमध्येही शिकवता येतात. माझी तक्रार त्या तयार कागदांबद्दल आहे, जे ऑनलाइन दोन-तीन डॉलरला मिळतात आणि रविवारी रात्री छापले जातात. चौकटीत भोपळा आहे म्हणून त्याला सर्जनशील म्हणायचं.

निशाचर

मार्चमध्ये शिकवता येतात, पण मार्चमध्ये मुलं वटवाघळांबद्दल बोलत नसतात. ऑक्टोबरात पोरांच्या डोक्यात दुसरं काही नसतंच. वाहत्या पाण्यात होडी सोडायची की तळ्यात, एवढाच प्रश्न.

मधली_सुट्टी

तुम्ही सगळे लेखनाच्या दर्जाबद्दल बोलताय. माझा मुद्दा वेगळा आहे. हे करायला नकार देणाऱ्या मुलांचं काय? माझ्या मुलीची मैत्रीण यहोवाज विटनेस या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबातली. ती मंडळी हॅलोविन पाळत नाहीत. काही मुस्लिम आणि काही कट्टर ख्रिश्चन घरांतही नको असतं. मग काय होतं? वर्ग भुताची गोष्ट लिहितो आणि ही मुलगी लायब्ररीत बसून "शरद ऋतूतील पाने" रंगवते. आठवडाभर. माझी मुलगी घरी येऊन विचारते, तिला शिक्षा झालीय का?

वेशभूषेचा एक दिवस असेल तर त्या दिवशी घरी ठेवता येतं. पण वाचन, लेखन, गणित सगळंच भुताचं केलंत तर तिने दोन आठवडे कुठे जायचं? न्यू जर्सीतल्या साउथ ऑरेंज-मेपलवुडने २०२३ मध्ये शाळेच्या वेळेत हॅलोविन नकोच असं ठरवलं, तेव्हा लोक हसले. गव्हर्नरसाहेबांनीही जाहीर नाराजी दाखवली. मला तो निर्णय हसण्यासारखा वाटला नाही.

कोर्टकचेरी

माहितीसाठी: हा वाद कोर्टात जाऊन आलेला आहे. फ्लोरिडातल्या अलाचुआ काउंटीत एका पालकाचं म्हणणं होतं की प्राथमिक शाळेत चेटकिणी, कढया, झाडू लावणं म्हणजे विक्का या जादूटोणा मानणाऱ्या आधुनिक धर्माला पाठिंबा. १९९४ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने ते मान्य केलं नाही. म्हणजे कायद्याने कढईला बंदी नाही.

मधली_सुट्टी

बंदी नाही हे मान्य. माझी तक्रार कायद्याची नाही, त्या लायब्ररीतल्या खुर्चीची आहे.

तिसरीची_बाई

मधली_सुट्टी, तुमचा मुद्दा बोचला, कारण ती खुर्ची माझ्याही वर्गातून गेलीय. दोन वर्षांपासून विषय "हॅलोविन" ठेवतच नाही, "अंधार" ठेवते. ज्याला भूत हवं त्याने भूत आणावं. एका मुलाने वीज गेलेल्या रात्रीवर लिहिलं, एकीने बाबांच्या रात्रपाळीवर. कोणालाही बाहेर बसावं लागलं नाही.

खडूस_काका

म्हणजे बाई, शेवटी तुम्हीच भोपळा काढून टाकला. धागाकर्ती जिंकली. टाळ्या.

तिसरीची_बाई

काढला नाही हो काका, दाराशी ठेवला. ज्याला हवा त्याने आत आणावा.

सलगम

भोपळ्याचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. भोपळा हा या सणातला उपरा. आयर्लंडमध्ये सलगम कोरायचे. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयरिश लोक लोंढ्याने अमेरिकेत आले, इथे त्यांना भोपळा मिळाला. मोठा, मऊ, कोरायला सोपा. सलगम कोरून बघा एकदा, मनगट धरतं. सणाच्या मुळाशी सुगी संपून हिवाळा लागतानाचा केल्टिक सण आहे असं मानतात. स्पेलिंगवरून आपण त्याला सामहेन म्हणतो, उच्चार साधारण "साउइन". नाव मात्र चर्चचं: १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस, त्याची आदली संध्याकाळ.

मुलांना वाचायला हे द्या ना. परदेशातून आलेला सण, त्याने इथलं फळ उचललं, आता तेच त्याचं तोंड झालं. आपल्या पोरांना हे इतरांपेक्षा जास्त कळेल. "सलगमाने भोपळ्याला लिहिलेलं पत्र" असा विषय मी लेकाच्या शिक्षिकेला सुचवला होता. त्यांना आवडला. लेकाने लिहिलं, "प्रिय भोपळ्या, तुझं कौतुक होतं ते तू गोड आहेस म्हणून नाही, तू पोकळ आहेस म्हणून." मला काही दिवस घरातल्या राजकारणाचा संशय येत होता.

खडूस_काका

सलगमराव, हहपुवा (हसून हसून पुरेवाट). हे वाक्य ऑफिसात वापरणार.

पिंपळपान

माझा अनुभव दोन्ही बाजूंना उपयोगी नाही, तरी लिहितो. पाचवीतल्या मुलाला "आपल्या घरातली एखादी भयकथा" लिहून आणायची होती. त्याने आजीला फोन लावला. आजीने मुंजा सांगितला. सगळा: मुंज झालेला मुलगा, सोडमुंजीआधीच गेलेला, पिंपळावर राहतो, रात्री खडे मारतो, पण गरिबाला त्रास देत नाही. मुलाने खूप मनापासून लिहिलं. शेवटी मुंजा झाडावरून विचारतो, "माझं जेवण कोणी केलं का आज?"

दुसऱ्या दिवशी शाळेतून ईमेल. गोष्टीत मुलाचा मृत्यू आहे, घरी सगळं ठीक आहे ना, समुपदेशकांशी बोलायला आवडेल का. शाळेचा नियम आधीच लिहिलेला होता: रक्त नको, शस्त्र नको, कोणी मरायला नको. भूत चालेल, मेलेलं माणूस चालणार नाही! मी जाऊन समजावलं की मुंजा हा फार जुना आणि बऱ्यापैकी सभ्य इसम आहे. बाई चांगल्या होत्या, हसल्या. पण ती गोष्ट भिंतीवर लागली नाही. भिंतीवर लागली ती हसरी भुतं, सगळी एकाच साच्यातून कापलेली.

भीतीचं लेखन करायचं असेल तर मग भीती येईल, तिला पांढरी चादर घालून बसवता येत नाही.

झोपमोड

पिंपळपान, तुमच्या शाळेचा नियम मला पटतो, सॉरी. माझा बालवाडीतला मुलगा वर्गात दिवे घालवून, हातात टॉर्च देऊन केलेल्या वाचनानंतर अकरा रात्री आमच्यात झोपला. गोष्ट कसली, तर कपाटातून आवाज येतो आणि शेवटी मांजर निघतं. मोठ्यांना गंमत. त्याला मांजर लक्षातच नव्हतं, कपाट तेवढं लक्षात राहिलं. पाचवी आणि बालवाडी यांना एकच महिना, एकच सामान का?

तिसरीची_बाई

टॉर्च बालवाडीला नकोच. तिथे भोपळ्याचे भाग दाखवून देठ, साल, बी अशी नावं लिहिणं पुरे. टॉर्चचं वाचन तिसरीपासून, आणि तेही मुलांनी स्वतः करायचं, ऐकायचं नाही. अडखळत वाचणारा मुलगा चेटकिणीचा आवाज जमावा म्हणून तोच परिच्छेद दहादा वाचतो. एरवी दोनदा वाच म्हटलं तर रडतो.

दुसरीची_आई

सगळे प्रतिसाद वाचले. निशाचर, फ्रिजखालची बी मला झोपू देत नाहीये. मधली_सुट्टी, तुमचा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नव्हता, हे कबूल करते. तयार कागदांबद्दल माझं मत मात्र तसूभर बदललेलं नाही.

आज संध्याकाळी प्रयोग केला. तोच नारिंगी कागद उलटा करून लेकीला म्हटलं, यातला एकही शब्द न वापरता काहीही लिही. भूत नको असेल तर नको. बराच वेळ पेन्सिल चघळली. मग कागद परत सुलट करून कढईकडे बघत बसली. मला वाटलं, झालं, गाडी पुन्हा भयाणवर. तिने लिहिलं ते असं:

"कढईत वीस शब्द होते. सगळ्या मुलांनी आठ-आठ उचलले. 'किंचाळणे' कोणी उचललं नाही, कारण त्याचं स्पेलिंग लांब आहे. ते तळाशी एकटं बसलं. घंटा झाली. दिवे गेले. तेव्हा ते हळूच म्हणालं, मला येतं पण मी करणार नाही."

शब्द वापरायचा नाही असं सांगितलं होतं. वापरलाच.

खडूस_काका

मग पुढे? केलं की नाही त्याने?

दुसरीची_आई

विचारायच्या आत झोपली. सकाळी बसस्टॉपवर विचारते.