मदत हवी आहे: माजी सैनिकांच्या सवलतींबद्दल लोकांचं खरं मत कसं काढून घ्यायचं?

पानगळ

नमस्कार मंडळी,

समाजशास्त्रात एम. ए. करतेय. प्रबंधाचा विषय आहे, माजी सैनिकांना मिळणारी पेन्शन, मोफत उपचार, नोकऱ्यांमधल्या राखीव जागा वगैरेंकडे सामान्य लोक कसे बघतात. प्रश्नावली केली, ओळखीच्या लोकांवर चालवून पाहिली आणि अडकले. 'माजी सैनिकांना सरकारने अधिक मदत करावी का?' याला एकजात सगळे 'पूर्ण सहमत'. मग कागद बाजूला ठेवला की तीच माणसं सुरू होतात: 'तशी पेन्शन बरी असते हो त्यांची', 'सगळे थोडेच लढाईवर जातात', 'आम्ही काय कमी राबलो?' हे दुसरं बोलणं माझ्या तक्त्यात कुठेच उतरत नाही.

मार्गदर्शक म्हणतात, आकडे आलेत ना, लिहून मोकळी हो. पण सगळ्यांचं उत्तर एकच असेल तर विश्लेषण कशाचं करू? पोटातलं मत ओठांवर आणायची काही रीत आहे का? आणि हा दुटप्पीपणा आजचाच आहे की आधीपासून चालत आलाय, हेही कुणी सांगितलं तर प्रस्तावनेला उपयोग होईल. शे-दीडशे लोकांपर्यंत पोहोचू शकते, त्याहून जास्त जमणार नाही.

खुंटी

तुझा प्रश्न मत मोजत नाही, शिष्टाचार मोजतो. अनोळखी मुलगी समोर कागद घेऊन बसलेली असताना सैनिकाला मदत नको म्हणणार कोण? शिवाय 'अधिक मदत' कुणाच्या खिशातून, हे तू विचारलेलंच नाहीस. फुकटात मिळत असेल तर हो म्हणायला कुणाचं काय जातं?

म्हणून किंमत प्रश्नातच घाल. त्यासाठी तुमचा कर वाढला तर? इतर पेन्शनरांची वाढ त्यासाठी रोखली तर? निम्म्या लोकांना किंमतीसकट प्रश्न दे, निम्म्यांना किंमतीशिवाय, आणि कुणाला कुठला हे चिठ्ठी टाकून ठरव. दोन गटांच्या उत्तरांत जो फरक पडेल तेच तुझं पहिलं निष्कर्षाचं प्रकरण.

लपलेलं मत काढायला यादीची पद्धतही आहे. एका गटाला चार विधानं द्यायची, दुसऱ्याला तीच चार आणि एक नाजूक विधान. 'यातली किती पटतात' एवढाच आकडा विचारायचा, कुठली ते नाही. दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे ते नाजूक विधान पटणाऱ्यांचं प्रमाण. युक्ती झकास आहे, पण तिला माणसं भरपूर लागतात. दीडशेत काही हाती लागणार नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊ नकोस.

जुनीपुराणी

दुटप्पीपणा म्हणशील तर दोन हजार वर्षांचा आहे.

रोमन सम्राट ऑगस्टसने इ. स. ६ मध्ये निवृत्त सैनिकांसाठी वेगळा खजिना काढला. सुरुवातीची मोठी रक्कम स्वतः घातली आणि खजिना पुढेही भरत राहावा म्हणून वारसाहक्कावर ५ टक्के आणि लिलावातल्या विक्रीवर १ टक्का कर बसवला. सैनिकांचं भलं व्हावं याला कुणाची ना नव्हती, पण वारसाकरावर श्रीमंत रोमनांची कुरकुर काही थांबेना. इ. स. १३ मध्ये त्याने सिनेटला सांगितलं, बरं, दुसरा मार्ग सुचवा. आणि इकडे लोकांच्या जमिनी-घरांच्या याद्या करायला माणसं पाठवून दिली. आता मालमत्तेवरच कर बसणार या धास्तीने सगळे म्हणाले, जुना ५ टक्केच बरा! खुंटी म्हणतात तो किंमतीसकटचा प्रश्न बादशाही थाटात विचारला गेला, एवढाच फरक.

अमेरिकेचा इतिहास तर प्रस्तावनेला आयताच आहे. तिथल्या यादवी युद्धातल्या सैनिकांना सुरुवातीला युद्धात आलेल्या अपंगत्वासाठी पेन्शन होती. १८९० च्या कायद्याने अपंगत्व युद्धातलंच असण्याची अट काढली. १८९० च्या दशकात केंद्र सरकारच्या खर्चाचा सुमारे ४० टक्के भाग या पेन्शनींवर जाऊ लागला. मतांसाठी खिरापत वाटतात, खोटे दावे चालतात, अशी ओरड झाली. त्याआधीच अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी एकेका माणसासाठी मंजूर झालेली शेकडो पेन्शन विधेयकं नाकारली होती. पुढे कित्येक वर्षं त्या देशात माजी सैनिकांना नवं काही द्यायचं म्हटलं की या प्रकरणाची आठवण निघायची.

पहिल्या महायुद्धानंतर १९२४ मध्ये बोनसची प्रमाणपत्रं दिली, पण पैसे १९४५ ला मिळणार होते. मंदी आली, १९३२ मध्ये हजारो माजी सैनिक वॉशिंग्टनला तळ ठोकून बसले आणि जुलैत सैन्याने त्यांना हुसकावून लावलं. पुढे रूझवेल्ट अध्यक्ष झाले तेही काही हात सैल सोडणारे नव्हते. गणवेश घातला म्हणून कुणी इतर नागरिकांच्या वरचा खास लाभार्थी होत नाही, हे त्यांनी १९३३ मध्ये माजी सैनिकांच्याच अधिवेशनात जाऊन सुनावलं. १९३६ मध्ये त्यांचा नकार डावलून काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, बोनस लवकर द्यायला लावला. आणि १९४४ मध्ये शिक्षण, घरकर्ज, बेकारभत्ता देणाऱ्या जी. आय. विधेयकावर सही केली ती याच रूझवेल्टनी. लाखो सैनिक परत येऊन बेकार फिरले तर १९३२ पेक्षा वाईट होईल ही धास्ती त्यामागे होती. तेव्हा पाठिंब्यामागे कृतज्ञता किती आणि भीती किती, हे तुझ्या प्रश्नावलीत वेगळं निघालं तर मजा येईल.

अवांतर: इतिहासकार डेबोरा कोहेन यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनी आणि ब्रिटनची तुलना केलीय ती जरूर बघ. जर्मन सरकारने जखमी सैनिकांवर जास्त खर्च केला, पण लोकांच्या धर्मादाय संस्थांना लगाम घातला. ब्रिटिश सरकारने हात आखडता घेतला आणि मदतीचं काम बरंचसं धर्मादाय संस्थांवर पडलं. तरी कडवट झाले ते जर्मन सैनिक. समाजाला आपली कदर नाही असं त्यांना वाटत राहिलं.

तिरकस

पुतळ्याला हार घालायला गर्दी, बिल आलं की सगळे मोबाईलमध्ये. पण एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. फक्त सैनिकच का विचारतेस? गटारात उतरणारा कामगार, साथीत राबलेली नर्स, आग विझवणारा जवान, यांनाही त्याच प्रश्नात बसव. नाहीतर लोकांना सैनिकाबद्दल काय वाटतं आणि एकूणच सरकारी मदतीबद्दल काय वाटतं, हे तुला वेगळं करता यायचं नाही.

निवृत्त_नायक

ताई, मी स्वतः त्यातला आहे म्हणून लिहितो. 'पेन्शन बरी असते' म्हणणाऱ्याला आधी विचारा, साधा जवान कितव्या वर्षी घरी येतो? आपल्याकडे बहुतेक जण पस्तिशी-चाळिशीत बाहेर पडतात. मुलं शाळेत, हातात दुसरा धंदा नाही. लोक डोक्यात साठीचा पेन्शनर धरून आमच्या पेन्शनीला नावं ठेवतात.

दुसरं, कोण बोलतंय तेही बघा. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नागरी सेवेत नवीन भरती झालेल्यांची जुनी पेन्शन गेली, सैन्याची राहिली. मग २०१५ च्या सप्टेंबरात समान हुद्दा, समान सेवा, समान पेन्शन जाहीर झाली. टीव्हीवर आमचं कौतुक चाललं होतं, आणि कार्यालयातला बाबू मनात म्हणत होता, मग माझं काय? त्याचा राग आमच्यावर नाही, पण उत्तरात तो आमच्याच नावावर पडतो. स्वतःला पेन्शन आहे की नाही हा प्रश्न नक्की घ्या.

आणि अग्निवीर विसरू नका. २०२२ च्या योजनेत चार वर्षं सेवा, त्यातले २५ टक्क्यांपर्यंत पुढे कायम, बाकीच्यांना एकरकमी निधी. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. लोक त्याला माजी सैनिक धरतात का, हे मलाच जाणून घ्यायचंय.

खुंटी

नायकसाहेबांनी वाट दाखवली. पानगळ, आता थेट मत विचारूच नकोस, माणूस दाखव. 'एकाने वीस वर्षं सैन्यात काढली, लढाईवर कधी गेला नाही, धडधाकट आहे, आता बरी नोकरी आहे.' 'एकाने चार वर्षं काढली, चकमकीत पाय गेला, काम मिळत नाही.' याला सरकारने आज देते त्यापेक्षा जास्त, तेवढंच, कमी की काहीच देऊ नये?

कुठल्या गोष्टी बदलायच्या ते ठरवायला समाजशास्त्रज्ञ विम फान ऑर्शोट यांची चौकट घे. मदतीला कोण पात्र हे लोक पाच गोष्टींवरून ठरवतात असं ते म्हणतात: ओढवलेली स्थिती त्याच्या हातची होती का, मदत घेणाऱ्याची वृत्ती, त्याने समाजाला आधी काय दिलं, तो आपल्यातला वाटतो का, आणि गरज किती. सैनिक तिसऱ्या कसोटीवर पहिल्या नंबरात पास, म्हणून सगळे 'सहमत'. घसरतो तो गरजेवर.

चार गोष्टी घे: सेवेची वर्षं, प्रत्यक्ष लढाई, जखम, आजची कमाई. प्रत्येकीच्या दोन बाजू म्हणजे सोळा प्रसंग. त्यांचे चार गठ्ठे कर, एकाला एकच गठ्ठा, आतला क्रम पिसून. दीडशे माणसांत सहाशे उत्तरं येतात. मात्र एकाच माणसाची चार उत्तरं एकमेकांशी बांधलेली असतात, ते गणितात धर, नाहीतर परीक्षक सोलतील.

पानगळ

सगळ्यांचे आभार, हे फारच कामाचं आहे. तिरकस यांची नर्स आणि कामगार पाचवी बाजू म्हणून घालू का? आणि घरात कुणी सैन्यात आहे का हे सुरुवातीलाच विचारलं तर चालेल ना?

खुंटी

पाचवी बाजू घातलीस तर सोळाचे बत्तीस होतील, दीडशेत ते ताणलं जाईल. 'प्रत्यक्ष लढाई' काढ आणि तिथे पेशा टाक: सैनिक की अग्निशमन दलाचा जवान. जखम दोघांनाही होऊ शकते, त्यामुळे प्रसंग खोटे वाटणार नाहीत.

घरच्या सैनिकाचा प्रश्न शेवटी, स्वतःच्या पेन्शनचाही शेवटी. आधी विचारलास तर माणूस त्या नात्याला जागून पुढची उत्तरं देतो.

निवृत्त_नायक

जवान कितव्या वर्षी निवृत्त होतो हाही शेवटीच ठेवा, ताई. बरोबर वय सांगणारे आणि चुकीचं सांगणारे यांची उत्तरं वेगळी काढून बघा. आणि जमलं तर तक्ता इथे टाका.