निर्यातबंदी तेव्हा बरोबर होती का?

पेठकर: कोविडात आपण औषधं, मास्क आणि पुढे लशीही देशाबाहेर जाऊ दिल्या नाहीत म्हणून अजूनही काही जण नाकं मुरडतात. मला ती बंदी बरोबरच वाटते. आधी पोटोबा. ३१ जानेवारी २०२० ला पीपीईची (संरक्षक पोशाख, मास्क वगैरे) निर्यात थांबली, ३ मार्चला पॅरासिटामॉल धरून २६ औषधं आणि कच्चा माल. किट तोवर इथे जवळपास बनतच नव्हते. मेमध्ये दिवसाला दोन लाखांवर गेले.

गोदामवाला: मधलं पान गाळलंत. ८ फेब्रुवारीला सर्जिकल मास्क पुन्हा सोडले, १९ मार्चला परत बंद. त्या चाळीस दिवसांत ज्याला जमलं त्याने माल काढला. ही बंदी की सापशिडी? आणि किट वाढले ते सरकारने ऑर्डरी दिल्या म्हणून.

मीना_नैरोबी: कोव्हॅक्सची (गरीब देशांना लस पोचवण्याची जागतिक योजना) पहिली खेप २४ फेब्रुवारी २०२१ ला घानाला पोचली. सहा लाख डोस, पुण्याच्या सीरमचे. मग केनियालाही तीच लस. शेजारणी कौतुकाने म्हणायच्या, "तुमच्या पुण्याची!" पुढे पुरवठा आटला आणि दुसऱ्या डोसचं कुणी विचारलं की मी विषय बदलायचे.

पेठकर: ताई, त्याच वर्षी एप्रिलात मी मेहुण्यासाठी रेमडेसिविर शोधत तीन रात्री वणवण केली. (डब्ल्यूएचओने नोव्हेंबरातच ते वापरू नका म्हटलं होतं, हे नंतर कळलं. असो.) अशा वेळी कुठल्या सरकारने लशींची खोकी विमानात चढवायची? इटलीनेही ऑस्ट्रेलियाला निघालेले अडीच लाख डोस अडवलेच की.

मीना_नैरोबी: इटलीकडे अडवायला लस होती. केनियाने काय अडवायचं, चहा?

पिंपरीकर: तुम्ही लशीवर भांडताय, खरी गोची गोळीत आहे. तिचा जो कच्चा माल आयात होतो, त्यातला सुमारे दोन तृतीयांश चीनमधून. आमच्या पिंपरीत १९५४ ला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती पेनिसिलिनसाठी. पुढे चिनी माल इतका स्वस्त आला की देशातलं पेनिसिलिन-जी बंदच पडलं. २०२० मध्ये ६,९४० कोटींची योजना आणावी लागली, घरचंच परत उभारायला.

गोदामवाला: योजना ठीक, पण चार पैसे स्वस्त मिळालं की कंपन्या तिकडूनच उचलणार. तुम्ही मेडिकलमध्ये कधी विचारलंत का, गोळीतलं औषध कुठलं?

पेठकर: नाही विचारलं. पण माझं उत्तर राहिलं. एप्रिलात खोकी चढवायची होती की नाही?

मीना_नैरोबी: अर्धी तरी.