वाडीचा आगीचा आणि आपत्तीचा धोका कसा मोजावा?

प्रश्न : राजापूर तालुक्यातील एक बागायतदार
नमस्कार. गेल्या फाल्गुनात आमच्या काजूच्या बागेत वणवा शिरला, तेव्हा शहरातून निघालेला बंब पाऊण तासाने आला आणि साकवापाशीच (ओढ्यावरच्या अरुंद पुलापाशीच) थांबला, कारण पुढे पाखाडीशिवाय, म्हणजे पायऱ्यांच्या पायवाटेशिवाय, वाट नाही. ग्रामसभेत हे मांडले असता, इतक्या वर्षांत एकदाच असे घडले, म्हणजे आपल्याकडे धोका कमी, असे सांगण्यात आले. अग्निशमन दले वस्तीचा धोका केवळ घडलेल्या घटना मोजून ठरवतात का?

उत्तर : निवृत्त अग्निशमन अधिकारी, रत्नागिरी
नाही. जुन्या नोंदींवरून बंबाला किती वेळा बोलावणे आले एवढेच कळते. धोका ठरवताना घटनेची शक्यता, घडल्यास होणारी हानी आणि मदत पोहोचण्यास लागणारा वेळ हे तिन्ही एकत्र पाहावे लागते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळली; आदल्या दिवसापर्यंतच्या बंबाच्या फेऱ्या मोजून त्या वाडीचा धोका कोणालाही कळला नसता. शिवाय त्याच वेळी महाड आणि चिपळूण पुराच्या पाण्यात होते, रस्ते बंद होते, आणि मदत पोहोचण्यास फार विलंब झाला. दोन संकटे एकाच वेळी आली तर काय, हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर प्रत्येक आराखड्यात असलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.
ग्रामीण भागात पहिला बंब २० मिनिटांत पोहोचावा, अशी आपल्या देशातील शिफारस आहे. आपला पाऊण तास त्या शेजारी लिहून ग्रामसभेपुढे ठेवा. इंग्लंडमध्ये तर प्रत्येक अग्निशमन प्राधिकरणाला किमान ३ वर्षांचा जोखीम आराखडा तयार करून त्यावर स्थानिक लोकांचे मत घ्यावेच लागते.

उत्तर : गुहागरमधील एक शिक्षिका
घरात कोण राहते, हेही मोजावे. आमच्या वाडीत एरवी बहुतेक घरांत एकटी वृद्ध माणसे असतात, ज्यांना पाखाडी उतरणेच कठीण. गणपतीला मात्र चाकरमानी आले की त्याच घरांत दहा-बारा माणसे आणि जादा सिलिंडर असतात. म्हणून आम्ही एकाच वाडीच्या दोन याद्या केल्या आहेत.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. साकवाची रुंदी, पाखाडीच्या पायऱ्या आणि बारमाही पाणी असलेल्या विहिरी यांची नोंद रविवारी सुरू करतो. वृद्धांची यादी आशाताईंना विचारून करू.