याकोब-एसावाचं भांडण: संदेष्ट्यांनी अदोमवर अन्याय केला का?

वाचनवेडा:
ओबद्या संदेष्ट्याचं पुस्तक परत वाचलं. हिब्रू बायबलमधलं सगळ्यात छोटं पुस्तक, २१ वचनं, आणि जवळजवळ सगळा राग अदोमवर, म्हणजे यहूदाच्या शेजारच्या देशावर. अदोमी एसावाचे वंशज, यहूदावाले (यरुशलेमच्या राज्यातले) याकोबाचे, म्हणजे जुळ्या भावांपासून चालत आलेली भाऊबंदकी. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्यानं यरुशलेम जाळलं तेव्हा हे भाऊ आधी लांब उभे राहिले, मग लुटीत हात मारला आणि वर नाक्यावर थांबून पळणाऱ्यांना धरून दिलं, असा आरोप आहे (बहुतेक अभ्यासक त्याचा रोख याच प्रसंगाकडे मानतात). माझं म्हणणं एवढंच की ओबद्या जुनी उणीदुणी काढतच नाही, राग आहे तो त्या दिवसाच्या वागण्यावर. भावाचं घर जळत असताना आधी कोण चुकलं ते कोण विचारतं?

मसूरप्रेमी:
का नाही विचारायचं? भुकेल्या भावाकडून मसुरीच्या वरणावर ज्येष्ठपणाचा हक्क कोणी उकळला, हाताला करडाची कातडी गुंडाळून आंधळ्या बापाला कोणी फसवलं? याकोबानंच ना! बरं ते सोडा, दाविद राजानं अदोमात ठाणी बसवली, यहूदाचा राजा अमस्या यानं क्षार खोऱ्यात दहा हजार मारले आणि इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात तर वर आणखी दहा हजार जिवंत धरून कड्यावरून ढकलले असं लिहिलंय. एवढं सोसलेल्यांनी मदतीला धावायचं होतं? अदोमींचं एकही पुस्तक आपल्यापर्यंत आलं नाही, त्यामुळे खलनायक तेच.

डोंगरवाट:
@मसूरप्रेमी मदतीला धावा असं कोणी म्हणतच नाहीये हो, पळणाऱ्याला धरून देणं वेगळं. आणि संदेष्टे एवढे एकतर्फी असते तर आमोस संदेष्ट्याचं काय? पहिल्या अध्यायात तो अदोमला झोडतो हे खरं, पण दुसऱ्याच्या सुरुवातीला मवाब या दुसऱ्या शेजारी देशाला शिक्षा सांगतो ती कशासाठी, तर अदोमच्या राजाची हाडं जाळून चुना केला म्हणून! शत्रूच्या राजाची बाजू घेतोय बाबा. लगेच पुढे यहूदा आणि इस्राएललाही सोडत नाही. शिवाय यहूदाच्या अराद किल्ल्यात सापडलेल्या एका खापरावर अदोम चालून येऊ नये म्हणून माणसं पाठवा असा लष्करी हुकूम आहे, म्हणजे भीती काही हवेतली नव्हती.

मसूरप्रेमी:
खापर पण यहूदाचंच की 😄 आमोसाचं मान्य, ते वचन भारी आहे. पण मलाखी संदेष्टा? याकोबावर प्रेम केलं, एसावाचा द्वेष केला, असं थेट देवाच्या तोंडी. आणि उत्पत्तीच्या पुस्तकाचा ३३वा अध्याय बघा, एसाव ४०० माणसं घेऊन आला, मनात आणलं असतं तर तिथेच हिशोब चुकता केला असता, पण धावत जाऊन भावाला मिठी मारली. याकोब म्हणाला तू हो पुढे, मी मागून सेईरला (एसावाच्या मुलखात) येतो, आणि गेला सुक्कोथला. तिथे घर बांधलं!!

नुसतीशंका:
पुढचं कोणीच बोलत नाहीये. इ.स.पू. दुसऱ्या शतकात यहूदी शासक योहान हिर्कानसनं याच अदोमींच्या वंशजांना, म्हणजे इदूमी लोकांना, सुंता करा नाहीतर देश सोडा म्हणून यहूदी करून घेतलं. मग त्याच इदूमी घराण्यातला हेरोद यरुशलेमचा राजा झाला आणि मंदिर त्यानंच मोठं बांधलं. मग भांडण जिंकलं कोणी?

वाचनवेडा:
हेरोद रोमच्या मेहेरबानीनं राजा झाला, त्यात एसावाचं काय कर्तृत्व. आणि सुक्कोथला गेला म्हणून शेकडो वर्षांनी त्याच्या नातवंडा-पतवंडांना नाक्यावर धरायचं होय? @मसूरप्रेमी याचं उत्तर द्या आधी.

मसूरप्रेमी:
देतो की. आधी त्या कड्यावरच्या दहा हजारांचं तुम्ही द्या.