उकडलेल्या मनुका म्हणे!

गंगापूररोडकर: काल एका जाणकाराने लिहिलंय, नाशिकची लाल वाईन म्हणजे उकडलेल्या मनुका, शंभरात सत्तर गुण, तेही दया म्हणून. बाटली कुठून घेतली, दुकानात कशी ठेवली होती, यावर अवाक्षर नाही. अहो, एप्रिलात आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. दुकानात वरच्या फळीवर पत्र्याखाली चार महिने उभी राहिलेली बाटली मनुकाच होणार! मी एकाच कंपनीची, एकाच सालची शेनिन ब्लां ही पांढरी वाईन वाइनरीत प्यायलोय. पेरू आणि कच्च्या कैरीचा वास होता. तीच गावातल्या दुकानातून आणली, तर शिळा मुरंबा. मग गुण कुणाला दिले, वाईनला की पत्र्याला? २०२२च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांवरच्या सुपरमार्केटात वाईन ठेवायला मंजुरी दिली होती. तिथे निदान एसी असतो. अंमल झालाच नाही.

पंचवटीकर: आलात ना मूळ पदावर! वासापासून निघालात आणि किराण्यात शिरलात. माझी दहावीतली पोरगी तिथे वह्या आणायला जाते. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला तो उगाच नाही.

चाखूनबघ: सत्तर म्हणजे नापास नव्हे. ही शंभर गुणांची रीत अमेरिकेच्या वाईन समीक्षक रॉबर्ट पार्करने रूढ केली, आणि तिची सुरुवातच पन्नासापासून होते. बाकी १९७६ला पॅरिसात लेबलं झाकून चाखायला दिलं, तेव्हा फ्रेंच परीक्षकांनीच कॅलिफोर्नियाच्या वाईनला पहिलं काढलं होतं. या जाणकारांनाही लेबल झाकून द्या एकदा.

नणंदबाई: एसीचं राहू द्या. मला सांगा, पाटी 'वाईन शॉप'ची आणि आत सगळी रम-व्हिस्की, हे नाव ठेवलं कुणी? लग्नाच्या वाढदिवसाला एक बाटली आणायला गेले, तर जाळीपुढे वीस पुरुष. एकाने "वहिनी, साहेब आजारी आहेत का?" विचारलं. रिकाम्या हाताने परत आले. सुपरमार्केटात मला कुणी वहिनी म्हणणार नाही.

पंचवटीकर: नवऱ्याला पाठवायचं.

नणंदबाई: तो पीत नाही. मी पिते. झालं समाधान?

चाखूनबघ: रांगेतल्या त्या विसांपैकी परवाना किती जणांकडे असेल? १९४९च्या कायद्याने प्यायलाही परवाना लागतो. तिथे संस्कृती आठवत नाही कुणाला.

पंचवटीकर: मग तो कायदा पाळायला लावा! तुम्ही सगळे कंपन्यांचे वकील. दारूची जाहिरात करता येत नाही, म्हणून हे 'करवंदाचा गंध, ओल्या मातीची झाक' छापून आणायचं.

निफाडचा_बागाईतदार: सुपरमार्केटचा निर्णय शेतकऱ्याच्या भल्यासाठी घेतला म्हणत होते, म्हणून लिहितो. वडिलांनी करारावर अडीच एकर शिराझ, म्हणजे वाईनची द्राक्षं, लावली होती. २००८ची मंदी आली आणि कंपनीने माल उचलला नाही. खायची थॉमसन असती तर क्रेटात भरून बाजारात नेली असती. वाईनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं. खायला कोण घेणार? घड वेलीवरच सडले. पुढच्या वर्षी बाग उपटली, लोखंडी अँगल विकून मजुरी भागवली. तुमचे सत्तर आणि नव्वद गुण आम्हाला कधी दिसले नाहीत.

गंगापूररोडकर: दादा, तुमचं खरं आहे. पण खप वाढला तरच कंपनी माल उचलेल ना?

निफाडचा_बागाईतदार: खप वाढल्यावर भाव कोण ठरवणार, ते लिहा आधी.

गंगापूररोडकर: त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण मनुकांवरून मागे हटणार नाही. रविवारी एकच वाईन दोन ठिकाणांहून आणतो, एक वाइनरीतून, एक जाळीतून. ज्यांना शंका आहे त्यांनी घरी यावं.

पंचवटीकर: दुकानात पंखा लावा, एवढं मान्य. आमच्याकडे पेढ्यालाही फ्रीज आहे. रविवारी येतो. नुसता वास घेईन.

नणंदबाई: जाळीतली आणायला साहेबांना पाठवा.