समोरासमोरच्या रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये सगळे बोलते कसे होतील?

प्रश्न
आमची टीम आजवर रेट्रोस्पेक्टिव्ह (झालेल्या कामात काय चांगले झाले आणि काय सुधारावे, हे ठरवणारी बैठक) ऑनलाइनच घेत आली असून, पुढच्या स्प्रिंटपासून (कामाच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्यापासून) ती ऑफिसमध्ये एकत्र बसून घ्यायचे ठरले आहे. ऑनलाइन बोर्डावर नाव न देता लिहिता येत असल्यामुळे अबोल सहकारीही मोकळेपणाने मत मांडत असत. समोरासमोर, त्यातही मॅनेजर बसलेले असताना, तेच गप्प राहतील अशी मला काळजी वाटते. आखणी कशी करावी?

प्रतिसाद १
बोलण्याआधी लिहायला वेळ द्यावा, हे कोणत्याही उपक्रमापेक्षा महत्त्वाचे आहे. सर्वांना एकाच रंगाच्या स्टिकी नोट्स आणि सारखेच जाड मार्कर द्यावेत. जाड मार्करने एका चिठ्ठीवर एकच मुद्दा मावतो आणि तो लांबूनही वाचता येतो. सात-आठ मिनिटे सर्वांनी निमूटपणे लिहावे, मग चिठ्ठ्या गोळा करून, मिसळून भिंतीवर लावाव्यात आणि सारख्या आशयाच्या चिठ्ठ्या टीमनेच उभ्याने एकत्र कराव्यात. त्यानंतर प्रत्येकाला तीन ठिपके देऊन मतदान घ्यावे. मॅनेजरांनी मात्र आपले ठिपके सर्वांत शेवटी लावावेत, कारण वरिष्ठांचा कल दिसला की बाकीची मतेही तिकडेच झुकतात.

प्रतिसाद २
वरील पद्धत चांगली आहे, पण लहान टीममध्ये हस्ताक्षर लपत नाही. स्क्रम गाइडनुसार (अशा टप्प्याटप्प्याने काम करण्याच्या ‘स्क्रम’ पद्धतीच्या मार्गदर्शिकेनुसार) ही बैठक स्क्रम टीमची असते. मॅनेजर त्या टीमचे सदस्य नसतील, तर त्यांनी बाहेर राहणेच योग्य, आणि हे त्यांच्याशी आधी एकट्याने बोलून ठरवावे. ते बसणारच असतील, तर चर्चा आधी दोघादोघांत, मग चौघांत आणि शेवटी सर्वांसमोर न्यावी, म्हणजे मुद्दा एकट्याचा राहत नाही. वेळेचे म्हणाल, तर महिन्याच्या स्प्रिंटसाठी त्याच गाइडमध्ये जास्तीत जास्त 3 तास सांगितले आहेत; स्प्रिंट लहान असेल तर वेळही सहसा कमी लागतो.

प्रतिसाद ३
मागच्या वेळी ठरलेल्या गोष्टींचे काय झाले, हे सुरुवातीलाच विचारावे, अशी माझी कळकळीची सूचना आहे. बोलून काही बदलत नाही असे वाटू लागले, की बोलकी माणसेही हळूहळू गप्प होतात. ठराव एक-दोनच असावेत. ‘कोड रिव्ह्यू (एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासणे) लवकर करावेत’ हा ठराव नव्हे. ‘स्टँड-अप (रोजची छोटी बैठक) संपताच सर्वांत जुना रिव्ह्यू हातावेगळा करायचा’ असे लिहून, त्याचा पाठपुरावा कोण करणार हे नावानिशी ठरवावे आणि ते काम पुढच्या स्प्रिंटच्या बॅकलॉगमध्ये (करायच्या कामांच्या यादीत) टाकावे. भिंतीचा फोटो जरूर काढावा, पण तो टीमबाहेरच्या ग्रुपवर टाकू नये.